मी जोडलेली जीप आणि मीच पाडलेले वाटे

सणसरच्या बाजूला चार माणसांत माझा विषय निघाला की कुणीतरी विचारतंच, "म्हंजे त्यो नळी ढिली करणारा न्हवं?" मग सगळे हसतात. इतकी वर्षं झाली तरी हसतात. नळी मी ढिली केली, हे खरं आहे. मी ते कधी नाकारलंही नाही. पण ती नळी ज्या जीपमध्ये होती ती जीप कुणी उभी केली, हे त्या हसणाऱ्यांपैकी एकालाही सांगता येत नाही. नटाच्या पाव आट्याची लबाडी गावाच्या लक्षात राहिली आणि अकरा महिन्यांची मेहनत कुणाच्या बापाला आठवत नाही. म्हणून मीच लिहून ठेवतोय.

आमच्या आजोबांचा जन्म मेंढरांमागे गेला. वडिलांनी, म्हणजे आबांनी, कळप मोडला आणि कालव्याच्या पाण्यावर ऊस लावला. मी थोरला. सातवीतून शाळा सोडली आणि उसाच्या ट्रकवर क्लीनर म्हणून चढलो. गाडी बंद पडली की मिस्त्री काय करतो ते बघायचो, आणि तो जेवायला गेला की तेच एकदा खोलून परत बसवायचो. मार खाल्ला, पण शिकलो. धाकटा भाऊ अभ्यासात हुशार होता, तो इंदापुरात मास्तर झाला. त्याच्या शिक्षणाबद्दल माझी काही तक्रार नाही, हे इथंच सांगून टाकतो. नाहीतर लोक म्हणतील, अडाण्याच्या पोटात दुखतंय.

नव्वद साल उलटून दोन-तीन वर्षं झाली असतील. बारामतीत एका सरकारी खात्याने मोडक्या गाड्यांचा लिलाव काढला. त्यात एक जीप होती. इंजिन जाम, टप फाटलेला, आणि ड्रायव्हरच्या पायाशी पत्रा सडून तिथून बाभळीचं रोप वर आलेलं. माझ्याशिवाय तिच्यावर डोळा होता तो एका भंगारवाल्याचा. बोली सुरू होण्याआधी मी त्याला चहा पाजला, जीपच्या मागं उकिडवा बसवला आणि चेसिस कशी वाकडी झालीय ते दाखवलं. चेसिस सरळ होती. गाडी ज्या जमिनीवर उभी होती ती जमीन वाकडी होती. त्याने बोली लावली नाही. याला कुणी फसवणूक म्हणत असेल तर खुशाल म्हणो. ज्याला जमीन आणि चेसिस यांतला फरक कळत नाही त्याने लिलावाला येऊ नये.

जीप ट्रॅक्टरमागं बांधून वस्तीवर आणली तेव्हा आबा गोठ्यातून बाहेर आले. बाजारात जनावर बघावं तसे तिच्याभोवती फिरले.

"दात बघितलंस का हिचं?"

"आबा, गाडी हाय ती."

"ती दिसतीय. हिच्या जागी चार शेळ्या आल्या असत्या. मेल्या असत्या तरी खायला तरी झाल्या असत्या."

जुनं पेट्रोलचं इंजिन मी काढून टाकलं. ते आम्हाला पोसवणारं नव्हतं. बारामतीच्या भंगार बाजारात एक डिझेल इंजिन सुटं सुटं पडलेलं होतं. तीन गुरुवार मी त्या दुकानापुढं जाऊन बसलो, इंजिनाला नावं ठेवली आणि उठून आलो. चौथ्या गुरुवारी दुकानदारच हात जोडून म्हणाला, "न्या बाबा. पण आता तोंड मिटा."

मग अकरा महिने. दिवसभर रानातलं काम, आणि उन्हं कलली की चिंचेखाली, गाडीच्या पोटाखाली. काठीच्या टोकाला रबराची वाटी बसवून ती रवीसारखी दोन तळहातांत फिरवायची आणि एकेक व्हॉल्व्ह घासायचा. तळहात सोलून निघायचे. इंजिन या गाडीचं नाही, त्यामुळं त्याचे पाय चेसिसवर बसेनात. मग पुठ्ठा कापून माप घ्यायचं, लोहाराकडून पट्टी करून आणायची, ती दोन सुतांनी चुकायची, पुन्हा लोहार. नटबोल्ट हरवू नयेत म्हणून मी ते घरातल्या परातीत घासलेटात बुडवून ठेवायचो. बायको एकदा कंबरेवर हात ठेवून उभी राहिली.

"अवं, ही परात परत भाकरीला येणार हाय, का हिचं बी इंजिन झालं?"

इंजिन चेसिसवर ठेवायचा दिवस आला. गॅरेजला असतं तसलं उचलायचं साधन आमच्याकडं कुठलं? आबांनीच मार्ग काढला. जुन्या विहिरीवरचं मोटेचं चाक माळ्यावर पडून होतं. ते त्यांनी चिंचेच्या फांदीला बांधलं, नाडा ओवला, एक टोक इंजिनाला आणि दुसरं बैलांच्या जुवाला. आमच्या त्या बैलांनी मोट कधी पाहिली नव्हती. पुढं ओढायचं सगळ्या बैलांना येतं; हळूहळू मागं सरायचं येत नाही, आणि इंजिन खाली उतरवायचं तर बैल मागं यायला हवेत. आबांनी आधी दोन दिवस दगडांची गोणी टांगून त्यांना शिकवलं. तिसऱ्या दिवशी इंजिन वर गेलं. मी गाडीत उभा राहून ते जागेवर वळवत होतो आणि आबा बैलांच्या तोंडापुढं उभे राहून बोलत होते, "सर, माझ्या राजा, सर. इतभर." बैल बोटाबोटाने मागं सरले. चारही बोल्ट भोकात बसले. आबा त्यानंतर शेळ्यांबद्दल कधी बोलले नाहीत.

भाऊ दर रविवारी यायचा, बाजेवर पेपर घेऊन बसायचा आणि विचारायचा, "दादा, चालणार हाय का प्रदर्शनाला ठेवायची?" एकदा पुण्याला गेला होता तेव्हा त्याने पुढच्या दिव्याची काच आणून दिली. एक काच. ही काच लक्षात ठेवा, कारण त्याने ती चांगली ठेवली.

जीप चालली, आणि काय चालली! दुधाच्या किटल्या डेअरीला, बाळंतिणी बारामतीच्या दवाखान्यात, नवरदेव मारुतीच्या देवळापर्यंत, सगळं तिच्यावर गेलं. एका वर्षी कालव्याच्या पाण्याची पाळी लांबत लांबत गेली आणि ऊस उभा वाळला. त्या वर्षी घर जीपने ओढलं. आडसाली ऊस कारखान्याच्या तोडीवाचून तुरे काढून उभा राहिला, तेव्हाही जीपनेच ओढलं. हे सगळ्यांनी पाहिलं होतं.

मग आबांनी वाटणी काढली. भावाला इंदापुरात घर बांधायचं होतं आणि आबांचं म्हणणं, मी आहे तोवर होऊन जाऊ दे. पंच म्हणून पणदऱ्याचे मामा आले, आमच्या आईचे थोरले भाऊ, आणि शेजारचे तात्या. जमीन आधीच मोजून झाली होती, तिच्याबद्दल वाद नव्हता. उरलं होतं ते गोठ्यातलं आणि दारातलं. मामांनी दाराकडं बोट केलं.

"जीप बी वाट्यात धराय पायजे."

"का म्हणून?" मी विचारलं.

"चूल एक असताना आलेली वस्तू हाय ती. एकत्राची."

"मामा, आली तवा ती वस्तू न्हवती. बाभळीचं आळं हुतं. त्याची गाडी मी केली. ह्या हातांनी."

"आन् तू गाडीखाली झोपला हुतास तवा रानाला पाणी कुणी दिलं? ह्या म्हाताऱ्यानं. धारा कुणी काढल्या? तुझ्या बायकोनं. तू काय हवा खाऊन नट आवळत हुतास?"

भाऊ खाली बघत म्हणाला, "दिव्याची काच बी मी आणली हुती. पुण्यासनं."

माझं डोकं फिरलं. "काढून देतो तुझी काच! घाल चष्म्याला!"

तात्या हसले. आबा हसले नाहीत. "मागं भांडाय नगं म्हणून मी वाटणी करतोय," ते म्हणाले, "तर तुमी वाटणीतच भांडून घेताय. जीप वाट्यात धरा."

झालं. अकरा महिने एका वाक्यात गेले.

आमच्याकडं वाटणीची रीत मेंढरांच्या काळापासूनची आहे. थोरल्याने दोन वाटे पाडायचे आणि धाकट्याने आधी उचलायचा. थोरला लबाडी करणार नाही, कारण हलका वाटा त्याच्याच गळ्यात राहील, असा त्यामागचा हिशोब. चांगली रीत आहे. पण ज्याने ती काढली त्याच्या कळपात स्वतःच्या हाताने तयार केलेलं मेंढरू नव्हतं.

मला जीप हवी होती. बाकी काही गेलं असतं तरी चाललं असतं. आठ दिवस मी वाटे मनात मांडले आणि मोडले. शेवटी एका बाजूला दोन दुभत्या गाई, बैलजोडी आणि बैलगाडी ठेवली. दुसऱ्या बाजूला जीप, पाण्याचं जुनं इंजिन आणि गोठ्याचे जादा पत्रे. तीन पिढ्या आम्ही जनावरावर जगलो. दुभती गाय सोडून बंद गाडी उचलणारा माणूस मी आमच्यात पाहिला नव्हता. मात्र त्यासाठी गाडी बंद असायला हवी होती.

वाटणीच्या दिवशी सकाळी, पंच यायच्या आधी, मी बॉनेट उघडलं. टाकीकडून पंपाकडं डिझेल आणणारी नळी असते, तिचं नट पाव आटा ढिलं केलं. एवढ्याने डिझेल गळत नाही, बाहेरून काही दिसत नाही. पण पंप डिझेलऐवजी हवा ओढतो आणि इंजिन चालू होत नाही. बायको धारा काढून चरवी घेऊन चालली होती. थांबली.

"काय करताय?"

"नट आवळतोय."

"आवळायला पाना हिकडं फिरवत्यात का तिकडं?"

अकरा महिने तीही बघत होती.

पंच बसले. मी जीपचा सेल्फ मारून दाखवला. ती नुसती घरघरली. "इंजिन बसलं," मी कपाळाला हात लावला. भाऊ उठला आणि आधी गोठ्यात गेला. गाईच्या पाठीवरून हात फिरवला. गाईने त्याचा हात चाटला. मला वाटलं, काम झालं. तो गाईजवळून परत आला आणि जीपच्या बॉनेटवर हात ठेवून म्हणाला, "मी ह्यो वाटा उचलतो."

मामाही चमकले. "आरं, बंद हाय ती."

"असू द्या मामा. इंदापुरात मी गाय कुठं बांधू? फळ्याला? आमी दोघं नवराबायको कामाला गेल्यावर वैरण कोण टाकंल? ही उभी ऱ्हायली तर नुसती उभी ऱ्हाईल. खायला तर मागत न्हाय."

मी गुराख्याला समोर धरून वाटे पाडले होते आणि माझा सख्खा भाऊ गुराखी राहिलेला नव्हता. कधीच राहिलेला नव्हता. गाईंच्या बाजारात अनोळखी माणसाच्या नजरेवरून त्याला काय हवंय ते ओळखणारा मी, आणि दर रविवारी माझ्याच बाजेवर बसणारा माणूस मला ओळखता आला नाही. यावरून मला भावापेक्षा स्वतःचाच राग जास्त आला. पण स्वतःवर किती ओरडणार?

तिसऱ्या दिवशी एसटी पकडून मी इंदापुरात त्याच्या खोलीवर गेलो. सहज आल्यासारखं दाखवलं. म्हटलं, ते धूड तुला काय कामाचं, त्यापेक्षा एक गाय विकून तुझ्या घराच्या कामाला लाव. तो म्हणाला, बघू. मला धीर धरवला नाही. म्हटलं, दोन्ही गाई घे. त्याने हातातली कपबशी खाली ठेवली.

"दादा, तू? कोथिंबिरीच्या जुडीला अर्धा तास घालणारा तू बंद गाडीला दोन दुभत्या गाई देतोस?"

"भाऊ हायस म्हणून."

"व्हय. मग त्या गाडीत काय हाय ते बघाय पायजे."

जन्मभर बाजारात मी दुसऱ्यांच्या घाईवर जगलो आणि त्या दिवशी घाई मी केली. खरं सांगून टाकायची वेळ तीच होती. ती मी घालवली. पुढचे चार दिवसही नळी जशीच्या तशी ठेवली. बंद गाडी बघून तो कंटाळेल, सोडून जाईल, अशी वेडी आशा होती.

रविवारी तो बारामतीचा मिस्त्री घेऊन आला. ओढून न्यायला म्हणून दोरही आणला होता. मामा आले, तात्या आले. मिस्त्रीने बॉनेट उघडलं, हातपंप दोन-चार वेळा दाबला आणि म्हणाला, "हवा घेतीय." बोटाने नळी चाचपत चाचपत तो त्या नटापाशी थांबला. पाना लावला. पाव आटा. मग फिल्टरचा स्क्रू सोडून हातपंप मारला, फेस बाहेर आला, फेसामागून साफ डिझेल आलं. सेल्फ मारला. जीप पहिल्या झटक्याला सुरू झाली.

"आपोआप ढिलं व्हणारं नट न्हाय हे," मिस्त्री म्हणाला. "पान्याचा ओरखडा ताजा हाय."

आबांनी माझ्याकडं पाहिलं आणि ते गोठ्यात निघून गेले. ते मला लागलं, आणि ते लागायलाच हवं होतं. त्याबद्दल माझी तक्रार नाही. तक्रार यापुढची आहे.

मिस्त्री बॉनेट लावता लावता वाकला. खाली बघितलं, गाडीखाली शिरला, पट्ट्यांवर हात फिरवला, बाहेर आला आणि म्हणाला, "हे इंजिन हिचं न्हाय. कुणी बसवलंय ओ? कुठल्या ग्यारेजला? लई जोरदार फिटिंग हाय."

मामा होते. तात्या होते. भाऊ होता. मिस्त्रीने एकेकाच्या तोंडाकडं पाहिलं. "ह्यानं बसवलंय" एवढे दोन शब्द एकाच्याही तोंडातून निघाले नाहीत. पाव आट्याची बातमी त्याच संध्याकाळी सणसरला पोचली, सोमवारी सांगवीला पोचली. आणि ती फिटिंग कुणी केली हे दोन हात अंतरावर उभ्या असलेल्या मिस्त्रीला सांगायला कुणाला तोंड उघडता आलं नाही.

मामा म्हणाले, "लाज वाटती का?"

"वाटती!" मी ओरडलो. "मला माझ्या पाव आट्याची वाटती. तुमाला कशाची तरी वाटू द्या!"

भावाने हात वर केला. "दादा, ओरडू नगंस. मला गाडी नगं. तूच ठेव. मी दिली तुला. फुकट."

मी आयुष्यात फुकट मिळणारी वस्तू कधी सोडलेली नाही. त्या क्षणी माझा हात पुढं गेलाही होता. पण 'दिली' म्हणजे काय? ज्याने एक काच आणली तो देणारा, आणि मी घेणारा?

"देऊ नगंस," मी म्हणालो. "ह्या तिघांपुढं म्हण, की ही गाडी दादानं केली, दादाचीच हुती. एवढं म्हण. मग ठेवतो. वर दोन्ही गाई घेऊन जा."

तो म्हणाला, "मी रीतीनं वाटा उचललाय, दादा. चोरला न्हाय. तू काय केलंस ते समद्यांनी बघितलं, तरी मी देतोय. हे कमी हाय व्हय?"

"घे की गपगुमान," मामा म्हणाले.

"न्हाय घेत."

"मग ऱ्हायलं," भाऊ म्हणाला आणि जीपमध्ये जाऊन बसला.

त्याला गाडी येत नव्हती. मिस्त्री चाकावर बसला. जीपचा गिअरबॉक्सही मी दुसऱ्याच गाडीचा बसवला होता आणि दांडा माझ्या हिशोबाने वळवला होता, त्यामुळं पहिला गिअर जिथं असायला हवा तिथं मागचा पडायचा. मिस्त्रीने दांडा टाकला, क्लच सोडला, आणि जीप मागं जाऊन कडब्याच्या गंजीत घुसली. त्याने पुन्हा टाकला. दाते कचकन वाजले. पुन्हा टाकला, पुन्हा कचकच. प्रत्येक वेळी माझ्या दाढेतून कळ गेली. चौथ्यांदा मला ऐकवेना. मी गेलो, दार उघडलं.

"उतर खाली."

मिस्त्री मुकाट्याने उतरून मागं बसला. मी जीप गंजीतून काढली आणि रस्त्याला लावली. भाऊ माझ्या शेजारी बसला होता. वस्तीपासून बारामती–इंदापूर रस्ता येईपर्यंत मी एकदाही दाते वाजू दिले नाहीत. इंजिन एकसारखं, लयीत चाललं होतं. डांबरावर आल्यावर इंदापूरच्या दिशेला तोंड करून मी ती उभी केली आणि इंजिन चालू ठेवून उतरलो.

"दादा," भाऊ म्हणाला, "पहिला गिअर कुठं पडतो, ते तरी सांग."

"शोध की. मास्तर हायस न्हवं."

मिस्त्री पुढं येऊन बसला. पहिला पडला, दुसरा पडला. तिसरा पडेपर्यंत मी कडेला उभा राहिलो. तिसऱ्याला त्याने घाई केली. मग मी वस्तीकडं वळलो. गाईंच्या धारा काढायच्या राहिल्या होत्या.